पगार, पाळी आणि फाटक : घरगुती हिंसाचाराच्या प्रश्नात मालकाचे स्थान

२००५ साली मंजूर झालेल्या कौटुंबिक हिंसाचारविषयक कायद्याची चर्चा आपल्याकडे बहुधा नवरा, सासर आणि न्यायालय एवढ्याच चौकटीत होते. परंतु तो कायदा जरा निवांतपणे वाचू गेल्यास त्यात आणखी एका इसमाची हजेरी लागलेली आढळते, आणि तो इसम म्हणजे मालक. अठराव्या कलमान्वये न्यायदंडाधिकारी छळ करणाऱ्यास पीडितेच्या नोकरीच्या जागी पाऊल ठेवण्याची मनाई करू शकतो. विसाव्या कलमाच्या सहाव्या पोटकलमान्वये छळ करणाऱ्याच्या मालकालाच असा हुकूम देता येतो की, याच्या पगारातील अमुक हिस्सा परस्पर पीडितेच्या हाती द्यावा अथवा न्यायालयात भरावा. आणि चौथ्या कलमाने तर कोणाही व्यक्तीस, म्हणजे अर्थातच मालकासही, असा छळ घडत आहे असे मानण्यास सबळ कारण असल्यास संरक्षण अधिकाऱ्याकडे खबर देण्याची मुभा दिली असून, सद्भावनेने दिलेल्या खबरीबद्दल त्याजवर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येणार नाही, अशी हमीही दिली आहे. कायदा अंमलात आला २६ ऑक्टोबर २००६ रोजी. तेव्हापासून आजपर्यंत सुरतेच्या रिंग रोडवरील कापडबाजारांतल्या किती शेटजींच्या, पांडेसऱ्याच्या मिलांतल्या किती मुनिमांच्या किंवा उधन्याच्या खात्यांतल्या किती ठेकेदारांच्या कानांवर ही तीन कलमे गेली असतील, याचा अंदाज वाचकांनीच बांधावा.

सुरतेच्या निमित्ताने हा विचार करण्यास कारण आहे. तापीच्या खोऱ्यातून भुसावळकडून येणाऱ्या लोहमार्गाने धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या शहरात उतरत आली, आणि लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा या वस्त्यांमध्ये अहिराणीचा आणि मराठीचा संसार असा थाटला गेला की गुजरातच्या व्यापारी राजधानीत खानदेशचा एक मोठा तुकडा येऊन वसला आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. पुरुष यंत्रमागावर, रंगाई-छपाईच्या मिलांत, भरतकामाच्या यंत्रांवर. बायका साड्यांच्या घड्या घालण्यात, धागा कापण्यात, लेस-पट्टी लावण्यात, खडे-टिकल्या चिकटवण्यात, किंवा अडाजण, पाल, वेसू या बाजूंच्या सोसायट्यांमध्ये धुण्याभांड्यांत. या श्रमविभागणीचा आपल्या विषयाशी असलेला संबंध पुढे येईलच. तूर्त एवढेच नमूद करावयाचे की, ही माणसे एकेकटी येत नाहीत. गावचा कोणी आधी येतो, तो भावाला आणतो, भाऊ मेहुण्याला. खोली मिळते ती भाऊबंदांच्या ओळखीने आणि कामही मिळते ते त्यांच्याच शब्दावर. परिणामी नव्याने लग्न होऊन आलेली मुलगी ज्या गल्लीत राहते ती गल्ली बहुधा नवऱ्याच्या गोताची असते, ती जेथे कामाला जाते तेथील मुकादम कधीकधी नवऱ्याचा मावसभाऊ निघतो, आणि तिचे स्वतःचे माहेर शंभर-दीडशे मैलांवर राहते. घरगुती छळाविषयीच्या परदेशी मार्गदर्शिकांत 'आपल्या वरिष्ठास विश्वासात घ्या' असा जो सरधोपट उपदेश असतो, तो येथे का लागू पडत नाही, हे यावरून कळावे.

घराच्या भिंतीआड स्त्रीचे काय होते हा सार्वजनिक प्रश्न आहे, ही जाणीव मराठीत ज्या ग्रंथाने प्रथम इतक्या तीव्रतेने मांडली, त्याचे बीजही सुरत जिल्ह्यातच पडले, हा योगायोग लक्षणीय आहे. ओलपाडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ साली सुरतेच्या न्यायालयाने फाशी सुनावली, पुढे ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली, आणि वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जो दोषांचा वर्षाव झाला त्याने संतप्त होऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' प्रसिद्ध केली. त्या प्रकरणात मालक कोणी नव्हता. विधवेला नोकरी कोठली? परंतु अपराधाचा पंचनामा करताना घराची झडती घ्यावयाची नाही, हा जो तत्कालीन न्यायाचा संकेत होता, त्यावर ताराबाईंनी बोट ठेवले, आणि ते बोट अजून उचलण्याची वेळ आलेली नाही.

'घरची गोष्ट घरात' या युक्तिवादाचा आधार मालकवर्गाने आजवर अनेकदा घेतला व प्रत्येक वेळी काही काळाने सोडून दिला. कामावर हात तुटला तर तो मजुराचा निष्काळजीपणा, अशी समजूत १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने मोडली. बाळंतपण ही तर उघडच घरची बाब. तरी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिविषयक विधेयकाची चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार करताना, मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असून, स्त्रीच्या श्रमांपासून ज्याला लाभ होतो त्या मालकाने त्या भाराचा काही वाटा उचलावा यात अन्याय नाही, या आशयाची भूमिका घेतली. आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात, ज्याचा सुरत हा त्या वेळी एक जिल्हा होता, तो कायदा झाला. लैंगिक छळाचेही तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालापूर्वी जी गोष्ट 'दोघांमधली' म्हणून झटकली जाई, तिच्यासाठी २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती सक्तीची केली. आता पाळी घरगुती हिंसाचाराची आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून २०१९ मध्ये स्वीकारलेल्या १९० क्रमांकाच्या करारात, घरगुती हिंसाचाराचे कामाच्या जगावर होणारे परिणाम ओळखून ते शक्य तितके सौम्य करावेत, अशी अपेक्षा प्रथमच नोंदवली गेली आणि सोबतच्या २०६ क्रमांकाच्या शिफारशीत रजा, लवचिक वेळापत्रक, नोकरीवरून काढण्यास तात्पुरता अटकाव, साह्य करणाऱ्या संस्थांकडे पाठवण्याची व्यवस्था असे उपाय सुचवले गेले. भारताने या करारास अनुसमर्थन दिलेले नाही. म्हणजे आपल्याकडे मालकावर आज या बाबतीत निश्चित असे कर्तव्य नाही. वर सांगितलेली तीन कलमे आहेत, आणि बाकी सारे त्याच्या विवेकाधीन आहे.

विवेकाला आकड्यांचा आधार असावा, म्हणून थोडे आकडे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित वा विवाहानुभवी स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसली असल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के, गुजरातेत १४. गुजरातेचा आकडा पाहून समाधानाचा सुस्कारा टाकणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, हा आकडा घडलेल्या हिंसेचा नसून सांगितलेल्या हिंसेचा आहे. आणि त्याच पाहणीत, देशभरात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्यांचे प्रमाण अवघे १४ टक्के आढळले. नवरा वारंवार झिंगून येतो अशा स्त्रियांत हिंसेचे प्रमाण ७० टक्के, न पिणाऱ्याच्या बायकोत २३. गुजरात राज्य दारूबंदीचे, हे खरे. परंतु लिंबायतीतल्या कोणाही बाईला 'पोटली' म्हणजे चोरट्या दारूची पिशवी, हे समजावून सांगावे लागत नाही, आणि दारू चोरून विकली जाते म्हणून ती कमी चढते असेही नाही. स्वतः कमावणारी स्त्री छळापासून सुरक्षित असते, हा सुशिक्षितांचा आवडता समजही या पाहण्यांत टिकत नाही. रोख मिळकत असलेल्या स्त्रियांत हिंसेचे प्रमाण कमी न आढळता उलट अधिकच आढळते. तिची कमाई कोणाच्या हाती पडते, हा प्रश्न येथे उभा राहतो, आणि मालकाच्या जबाबदारीचा खरा प्रारंभ येथूनच होतो.

पगाराच्या दिवशी पांडेसऱ्याच्या एखाद्या घडी-पॅकिंगच्या गोदामाबाहेर संध्याकाळी उभे राहावे. पाळी सुटण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे दोन-चार पुरुष मोटारसायकली भिंतीला टेकवून फाटकापाशी येतात. मुनीम त्यांना ओळखतो, तंबाखूची देवघेव होते, आणि आत हजेरीपटावर बायकोचा अंगठा किंवा सही उमटण्याआधीच पाकीट बाहेर नवऱ्याच्या खिशात गेलेले असते. मुनिमाच्या मनात काही वाईट नसते. 'घरचंच माणूस आहे, कुणाकडं दिलं तरी एकच,' हे त्याचे उत्तर. परंतु कायद्याच्या तिसऱ्या कलमात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक या प्रकारांबरोबर आर्थिक छळाचाही स्वतंत्र उल्लेख असून, स्त्रीला तिच्या हक्काच्या द्रव्यापासून वंचित ठेवणे हा त्याचा गाभा आहे. आणि पगार कामगाराच्याच हाती पडला पाहिजे हे तत्त्व तर १९३६ च्या वेतनप्रदान कायद्यापासून आपल्या कामगारविषयक विधानात रुजलेले आहे. ते पाकीट नवऱ्याच्या हाती देणारा मुनीम नकळत छळाच्या साखळीतील एक कडी होऊन बसतो. हे थांबवण्यासाठी समिती नको, परिपत्रक नको, समुपदेशक नको. पगार जिचा तिच्याच हातात किंवा तिच्या एकटीच्या नावच्या खात्यात, आणि त्या खात्याशी जोडलेला दूरध्वनी क्रमांक तिचाच आहे ना याची एक खातरजमा, एवढे पुरे. अहमदाबादेत इला भट्टांनी १९७२ साली 'सेवा' संघटना स्थापन केल्यानंतर अवघ्या दोन वर्षांत स्त्रियांची स्वतःची सहकारी बँक काढली, त्यामागे हाच व्यवहारी विचार होता.

फाटकावरील हे दृश्य ओळखण्याच्या खुणांपैकी एक झाले. इतरही आहेत. ठरावीक दिवसांनंतर, विशेषतः पगारानंतर किंवा सुटीनंतर, पडणारे खाडे. वैशाखात पूर्ण बाह्यांचा झंपर. तासातासाला खणखणणारा दूरध्वनी आणि तो उचलताना पालटणारा चेहरा. आपली उचल नवऱ्याला कळू देऊ नका अशी कळकळीची विनंती. पाळी सुटली तरी निघण्याची टाळाटाळ. वर्षानुवर्षे सफाईने चाललेल्या हाताची अकस्मात होऊ लागलेली चूक. यांतील एकही खूण स्वतंत्रपणे काही सिद्ध करीत नाही. खाड्यांचे कारण रक्तक्षय असू शकेल, उचलीचे कारण सावकार असू शकेल. म्हणूनच खुणांची यादी हाती धरून निदान करण्यास बसणारा अधिकारी हा न पाहणाऱ्या अधिकाऱ्याइतकाच निरुपयोगी; किंबहुना अधिक धोक्याचा, कारण न पाहणारा निदान बोलत तरी नाही.

विचारावे कसे, यावर फार लिहिले गेले आहे आणि त्यातील बरेचसे वातानुकूलित दालनांसाठी लिहिलेले आहे. गोदामात आठ बायकांच्या देखत 'ताई, दोन दिवस आला नाहीत, घरी सगळं ठीक ना?' असे विचारले तर 'काही नही व माय, पाय सटकना,' असे उत्तर यावयाचे, आणि ते ऐकणाऱ्या आठ जणींपैकी एक तरी नवऱ्याच्या गल्लीतली असावयाची. विचारणारी शक्यतो स्त्री असावी, ती त्या भाऊबंदकीच्या बाहेरची असावी, आणि प्रश्नाबरोबर एक आश्वासनही द्यावे: 'सांगायचं असलं तर मी आहे, नाही सांगितलं तरी तुमच्या कामाला काही होणार नाही.' त्यानंतर थांबावे. पहिल्या खेपेस बाई नाही म्हणेल, दुसऱ्या खेपेसही म्हणेल. तरीही आपण विचारले ही गोष्ट तिच्या हिशेबी जमा राहते. कारखाना कायद्यान्वये पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक करण्यात आले होते. पण सुरतेतील बहुसंख्य बायका जेथे काम करतात ती ठिकाणे या संख्येच्या कितीतरी खाली राहतात, आणि जेथे असा अधिकारी असतो तेथे तो उपाहारगृहाच्या चहाच्या दर्जात आणि गणवेषाच्या मापात इतका गुंतलेला असतो की कल्याण या पदार्थाशी त्याची फारशी गाठ पडत नाही.

आता त्या चुकीविषयी लिहिले पाहिजे जी सुरतेत सर्वांत अधिक होते आणि जी करणारा माणूस बहुतेक वेळा भलाच असतो. येथला शेट हा निव्वळ मालक नसतो. तो कारागिराच्या मुलीच्या लग्नाला उचल देतो, गणपतीची वर्गणी देतो, इस्पितळात डॉक्टराला फोन करतो. त्या नात्याने तो स्वतःला कुटुंबप्रमुखही समजतो आणि पुष्कळदा इतरही त्याला तसेच समजतात. अशा शेटच्या कानी बाईची हकीगत गेली की त्याचा पहिला उद्गार 'बोलवा त्याला, मी समजावतो' हा असतो. नवरा येतो, खुर्चीच्या कडेवर बसतो, मान खाली घालतो, 'चूक झाली शेटजी' म्हणतो, शेट दोघांना चहा पाजून, संसार दोघांनी करायचा असतो वगैरे दोन शब्द सांगून वाटेला लावतो, आणि त्या रात्री बंद दाराआड, तू बाहेर सांगितलेसच कसे याचा जाब तिला द्यावा लागतो. हिंसक घर सोडण्याच्या सुमारास स्त्रीला धोका सर्वाधिक असतो, हे या क्षेत्रात काम करणारे सारेच सांगतात; बाहेर सांगणे ही नवऱ्याच्या दृष्टीने त्या सोडण्याचीच नांदी असते. मालकाने मध्यस्थी करू नये. ती करण्याचा मोह सज्जनपणातून होतो, म्हणून तो अधिक कसोशीने आवरावा. जातपंचायतीकडे किंवा गावच्या पुढाऱ्याकडे प्रकरण सोपवणे हा त्याच मोहाचा दुसरा अवतार होय.

मग करावे काय? एक मार्गदर्शक उदाहरण मुंबईत आहे. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष उघडला, आणि २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका व 'सेहत' ही संस्था यांनी मिळून 'दिलासा' हे केंद्र सुरू केले. दोहोंमागील सूत्र एकच: जेथे बाई काही ना काही कारणाने येतेच, तेथेच मदत असावी, म्हणजे मदतीसाठी म्हणून घराबाहेर पडण्याचा संशय तिच्यावर येत नाही. पोलीसचौकीत ती निरुपायाने जाते, रुग्णालयात जखम झाल्यावर जाते. कामावर मात्र ती रोज जाते, आणि नवऱ्याच्या संमतीने, पुष्कळदा त्याच्या आग्रहानेच जाते. या एका गोष्टीमुळे कामाचे ठिकाण पहिल्या दोहोंपेक्षा सरस ठरते. तेथे वकिली करावयाची नाही. एक खोली, अर्धा तास आणि एक दूरध्वनी, जो तिचा नाही आणि ज्यातील क्रमांक नवऱ्याला तपासता येणार नाही, एवढी तजवीज झाली तर उरलेले काम करण्यास यंत्रणा आहेत. गुजरातेत '१८१ अभयम्' ही साह्यवाहिनी ८ मार्च २०१५ पासून राज्यभर चालू असून तिचे समुपदेशक महिला पोलीस शिपायासह गाडी घेऊन जागेवर येतात; 'सखी' केंद्रांत तात्पुरता आसरा मिळतो; आणि १९८७ च्या विधिसेवा कायद्यान्वये कोणाही स्त्रीस, तिची मिळकत कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो, ही गोष्ट तर सुशिक्षित स्त्रियांनाही क्वचितच ठाऊक असते. चौथ्या कलमाखालील खबर मात्र, जिवावर बेतलेले नसेल तर, तिच्या संमतीवाचून देऊ नये. कायदा तशी परवानगी देतो. शहाणपण देत नाही.

पाळीचा प्रश्न यानंतर येतो. अर्जाची पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत व निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो, परंतु न्यायालयाची पायरी चढलेल्यांना तारखेचा अर्थ निराळा माहीत असतो, आणि नगावर मजुरी मिळणाऱ्या बाईला प्रत्येक तारीख म्हणजे एका दिवसाचा उपास. फिलिपिन्सने २००४ सालीच पीडितेस दहा दिवसांची सवेतन रजा दिली. न्यूझीलंडने २०१९ पासून, ऑस्ट्रेलियाने २०२३ पासून तितकीच दिली. आपल्याकडे हिंदुस्तान युनिलिव्हरने २०२१ साली कार्यस्थळाबाहेर छळ सोसणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी सवेतन रजेचे धोरण जाहीर केले, ते स्वागतार्हच. परंतु मोठ्या कंपनीचे धोरण आणि लिंबायतीतले वीस बायकांचे गोदाम यांच्यात अंतर फार आहे, आणि सक्ती नसेल तर ते आपोआप बुजेल अशी आशा मला वाटत नाही. तोपर्यंत तारखेच्या दिवशी खाडा न धरणे, पाळीची वेळ बदलून देणे, शक्य असेल तर काही काळ दुसऱ्या गाळ्यावर पाठवणे, आणि ही बदली हजेरीपटाखेरीज कोठेही न लिहिणे, एवढे प्रत्येक मालकाच्या हाती आहे. फाटकाचेही असेच. कॅनडातील ओंटारियो प्रांतात एका परिचारिकेचा तिच्या पूर्वीच्या सोबत्याने २००५ साली रुग्णालयातच खून केला. त्यानंतर त्या प्रांताने असा कायदा केला की, घरगुती हिंसेमुळे कामाच्या जागी कर्मचाऱ्यास इजा होण्याचा संभव मालकाला दिसत असेल तर त्याने खबरदारी घेतलीच पाहिजे. आपल्याकडे मनाईहुकुमाची प्रत पहारेकऱ्यापर्यंत पोचवणे, आणि पाळणाघर असेल तेथे मूल कोणाच्या स्वाधीन करावयाचे ते आईच्या लेखी सांगण्यावरून ठरवणे, यांत खर्च जवळजवळ नाहीच. मूल ओढून नेणे हे बाईला घरी परत आणण्याचे हुकमी हत्यार आहे.

एवढा वेळ पीडितेच्या मालकाचा विचार झाला. परंतु सुरतेत मालकांची मोठी फौज आहे ती छळ करणाऱ्यांची मालक आहे, आणि या बाजूकडे आपल्याकडील लेखनात जवळजवळ कोणी वळलेच नाही. वराछा-कतारगामला हिऱ्यांना पैलू पाडण्याच्या घंट्यांवर बसणारे रत्नकलाकार आणि बारा-बारा तास खडखडाटात उभे राहणारे माग-कामगार यांत पुरुषांचाच भरणा आहे. २००८ च्या अखेरीस हिऱ्यांचा बाजार कोसळला, अलीकडे तो पुन्हा बसला, आणि २०२४ च्या जुलैत हिरे कामगारांच्या संघटनेला आत्महत्या रोखण्यासाठी साह्यवाहिनी सुरू करावी लागली. मंदीत घरी बसलेल्या पुरुषाची घुसमट खरी आहे आणि तिच्याविषयी कणव वाटलीच पाहिजे. पण त्याच मंदीत बायकोही तेवढीच पोळलेली असते आणि ती सहसा कोणाला मारत नाही. मंदी हे कारण असेल, सबब नव्हे. नवऱ्याच्या मालकाने काय करावे? कामाच्या वेळेत, कारखान्याच्या दूरध्वनीवरून बायकोला धमकावणे हा कामावरील गैरवर्तणुकीचा प्रकार मानावा. ती दुसरीकडे राहावयास गेली असल्यास तिचा पत्ता मिळवण्यासाठी सहकाऱ्यांचा उपयोग होऊ देऊ नये. आणि विसाव्या कलमाखालील हुकूम आला तर तो मुकाट्याने पाळावा. यांतील शेवटचीच गोष्ट कठीण आहे, कारण पगार रोखीने, नगावर, ठेकेदाराकरवी, हजेरीपट नावापुरता, अशी जेथे रीत, तेथे न्यायदंडाधिकाऱ्याने 'पगारातून कापा' असा हुकूम काढला तरी कागदोपत्री पगारच सापडत नाही. कामगाराची नोंद नसणे हे मालकाला अनेक परींनी सोयीचे असते; बायकोला पोटगी देण्याचे टाळणाऱ्या नवऱ्यालाही ते तितकेच सोयीचे असते.

धुण्याभांड्याच्या कामावरील स्त्रियांच्या बाबतीत मालक म्हणजे वेसूच्या नवव्या मजल्यावरची गृहिणी. खूण सर्वांत आधी तिच्याच दृष्टीस पडते, कारण ओट्याशी दोघी शेजारी उभ्या असतात, आणि ती 'बेन, आ शुं थयुं?' असे विचारतेही. अडते ते पुढे. पगार दोन हप्त्यांत, एक नवऱ्याला ठाऊक असलेला व एक न ठाऊक असलेला, असा देणाऱ्या गृहिणी आहेत; बाईचे कागदपत्र, म्हणजे आधारपत्र, मुलांचे दाखले, जात प्रमाणपत्र, आपल्या कपाटात सांभाळणाऱ्याही आहेत. कोणत्याही धोरणपत्रिकेत न सापडणारी ही युक्ती मला फार मोलाची वाटते. आपत्काळी घरातून निघालेल्या बाईपाशी बहुधा अंगावरचे लुगडे असते आणि कागद एकही नसतो.

राहिला तो सर्वांत मोठा आणि सर्वांत अवघड वर्ग. साड्यांना लेस लावणाऱ्या, खडे चिकटवणाऱ्या हजारो बायका घरीच बसून काम करतात. रिंग रोडच्या बाजारातून गठ्ठा निघतो, तो मध्यस्थाकडे येतो, त्याच्याकडून गल्लीतल्या एखाद्या पुढारी बाईकडे आणि तिच्याकडून दहा-वीस घरांत वाटला जातो. येथे कामाचे ठिकाण आणि छळाचे ठिकाण एकच. नवऱ्याला फाटकावर यावे लागत नाही, तो आतच असतो. पाळी सुटत नाही, खोलीही एकच असते. वर जेवढे म्हणून उपाय सांगितले त्यांतील बहुतेकांचा पाया, म्हणजे घराबाहेर असलेली एक जागा, येथे उपलब्धच नाही, आणि ज्या व्यापाऱ्याच्या नावाची चिठ्ठी साडीवर लागते त्याला या बाईचे नावही माहीत नसते. घरबसल्या कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९९६ सालचा. तोही आपण स्वीकारलेला नाही. व्यापारी संघटनांपुढे हा विषय निघाला तर प्रथम सुचेल तो उपाय असा की, मालाबरोबर जाणाऱ्या चलनावर १८१ हा क्रमांक छापावा. तो करू नये, कारण ते चलन हिशेबासाठी नवराच वाचतो. त्यापेक्षा गठ्ठा वाटणारी जी बाई रोज दारोदार जाते, जिच्या येण्याचा संशय कोणाला येत नाही, आणि जिला कोणत्या घरचा माल चार दिवस अडकून पडला आहे हे कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा आधी कळते, तिला व्यापाऱ्याने आपला माणूस मानून नीट माहिती द्यावी, तिची दलाली नगामागे काही पैशांनी वाढवावी, आणि माल उशिरा आला तर 'का' हे विचारण्यापूर्वी दंड कापण्याची जी रीत आहे ती बंद करावी. उशिराचा दंड बाईच्या मजुरीतून जातो, कमी पडलेल्या मजुरीचा जाब नवरा बाईलाच विचारतो, आणि त्यामुळे पुढचा गठ्ठाही उशिराच परत येतो.